पूर्वपक्षाची शाळा : धर्म, तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्राचे दूरशिक्षण

१९५५ च्या सप्टेंबरात कुंथलगिरीवर आचार्य शांतिसागर महाराजांनी देह ठेवला. त्याआधी महिनाभराहून अधिक काळ त्यांचे सल्लेखना, म्हणजे अन्नपाणी सोडत जाण्याचे, व्रत चालू होते. दृष्टी मंदावत चालली होती. चालताना पायाखालचा जीव दिसत नसेल, तर दिगंबर मुनीने अहिंसेचे व्रत पाळायचे कसे, हा त्यामागचा विचार होता. १९६६ मध्ये मुंबईत सावरकरांनी अन्न, पाणी आणि औषधे थांबवली. त्याच्या दोन वर्षे आधी त्यांनी ‘आत्महत्या नव्हे, आत्मार्पण’ अशा आशयाचा लेख लिहिला होता. १९८२ च्या नोव्हेंबरात आजारी विनोबांनी पवनारला अन्न आणि औषध नाकारले आणि काही दिवसांत ते गेले. आणि १२९६ मध्ये आळंदीला ज्ञानदेवांनी घेतलेली संजीवन समाधी तर सातशे वर्षे मराठी मनात घर करून आहे.

या चार घटनांना एकच नाव देता येईल का? एक जैन मुनी, एक बुद्धिवादी राजकारणी, एक सर्वोदयी आणि एक योगी. चौघांची कारणे वेगळी, आत्म्याविषयीच्या कल्पना वेगळ्या, शब्दही वेगळे : सल्लेखना, आत्मार्पण, प्रायोपवेशन, समाधी. तरीही बाहेरून पाहणारा विचारतोच, की ही आत्महत्या का नव्हे? ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने जैनांचा संथारा, म्हणजेच सल्लेखनेचे व्रत, दंडनीय ठरवला आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. देशभर जैन समाज रस्त्यावर उतरला. २०११ च्या जनगणनेनुसार सर्वाधिक जैन, सुमारे १४ लाख, महाराष्ट्रात राहतात, त्यामुळे तो वाद आपल्याही गावांत आणि पेठांत पोचला.

असा प्रश्न समोर आला की आपण बहुतेक जण लगेच बाजू घेतो. धर्म, तत्त्वज्ञान आणि नीतिशास्त्र हे तीन विषय एकत्र शिकण्याची पदवी जगातल्या काही विद्यापीठांत घेता येते. ती घरबसल्या, नोकरी किंवा संसार सांभाळून घेता येते, हे आपल्याकडे फारसे ठाऊक नाही. आणि ती शिकवते ती मुख्य गोष्ट हीच : बाजू घेण्याआधी काय काय करायचे.

एक प्रश्न, तीन शास्त्रे

संथाऱ्याचेच उदाहरण पुढे नेऊ. धर्माचा अभ्यासक आधी विचारतो, की हे लोक नेमके काय करतात आणि त्यांच्या लेखी त्याचा अर्थ काय? मग त्याला समंतभद्रांचा ‘रत्नकरंडक श्रावकाचार’ उघडावा लागतो. सल्लेखना केव्हा घ्यावी, याच्या अटी तिथे आहेत : ज्यावर उपाय नाही असे संकट, दुष्काळ, वार्धक्य किंवा रोग. मग ‘तत्त्वार्थसूत्रा’त त्याला आणखी एक गोष्ट सापडते. व्रत घेतल्यावर जगण्याची इच्छा धरणे हा दोष, आणि लवकर मरण यावे अशी इच्छा धरणे हाही दोष. म्हणजे परंपरेच्या आतून पाहिले, तर मरण्यासाठी घेतलेले व्रत हे व्रतच राहत नाही. या टप्प्यावर अभ्यासकाला हे खरे की खोटे ठरवायचे नसते. जे आहे ते नीट समजून घ्यायचे असते.

तत्त्वज्ञानाचा अभ्यासक तिथून पुढे जातो. मरणाची इच्छा नाही, पण मरण येणार हे पक्के ठाऊक आहे. या दोहोंत खरेच फरक आहे का? तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने स्वसंरक्षणाविषयी लिहिताना हेतू आणि हेतूबाहेरचा परिणाम यांत भेद केला होता. त्याचे म्हणणे इथे लागू पडते का? ह्यूमचा आत्महत्येवरचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर, १७७७ मध्ये, छापला गेला. माणसाने स्वतःचे आयुष्य संपवणे हा ईश्वराविरुद्धचा अपराध ठरत नाही, असा युक्तिवाद त्यात आहे. कांट नेमका उलट उभा राहतो. स्वतःला केवळ साधन म्हणून वापरण्याचा हक्क माणसाला स्वतःलाही नाही, असे तो मानतो. आणि आत्मा देहापासून वेगळा आहे असे मानणारा जैन या दोघांच्याही गृहीतकांवर बोट ठेवू शकतो.

मग नीतिशास्त्र येते, आणि प्रश्न घरात शिरतो. आजीने संथारा घ्यायचा म्हटले, तर नातवाने काय करावे? डॉक्टरने काय करावे? तिची संमती खरोखर तिची आहे, की समाजात मिळणाऱ्या मानाचा भार तिच्यावर आहे? राजस्थानातल्या याचिकेच्या बाजूने सतीच्या प्रथेशी तुलना झाली ती याच शंकेपोटी. याच्या शेजारी अरुणा शानबाग यांचे प्रकरण ठेवून पाहावे. त्यांना स्वतःची इच्छा सांगताच येत नव्हती. केईएम रुग्णालयातल्या ज्या परिचारिकांनी आणि कर्मचाऱ्यांनी त्यांची वर्षानुवर्षे शुश्रूषा केली, त्यांना त्या जगायला हव्या होत्या. मार्च २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्यापुरती दयामरणाची याचिका फेटाळली, पण काही अटींवर निष्क्रिय दयामरणाला वाट मोकळी केली. एका प्रकरणात इच्छा स्पष्ट आहे आणि कायदा साशंक. दुसऱ्यात कायदा वाट शोधतो आहे आणि इच्छा कळायला मार्ग नाही. ही दोन प्रकरणे एका टेबलावर आली की ‘इच्छा’ या साध्या शब्दात किती गोष्टी दडल्या आहेत ते दिसू लागते.

ही त्रयी जमली कुठे?

हे तीन विषय एकत्र शिकवण्याची चाल रुळली ती ब्रिटनमध्ये, आणि तिचे मूळ तिथल्या शाळांत आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधल्या सरकारी मदतीच्या शाळांत धर्मशिक्षण सक्तीचे झाले. तेव्हा त्याचा अर्थ जवळजवळ फक्त ख्रिस्ती धर्माचे शिक्षण असा होता. पुढे भारत, पाकिस्तान आणि कॅरिबियन बेटांतून माणसे आली, वर्गात शीख, मुस्लिम, हिंदू मुले बसू लागली. १९८८ च्या कायद्याने नव्या अभ्यासक्रमांत ख्रिस्ती परंपरेबरोबर इतर प्रमुख धर्मांचीही दखल घेणे बंधनकारक केले. शाळेतला ‘रिलिजस स्टडीज’ हा विषय हळूहळू धर्म, धर्माचे तत्त्वज्ञान आणि नीतिप्रश्न असा तिहेरी झाला.

विद्यापीठांत हा बदल आधीच सुरू झाला होता. १९६७ मध्ये लँकेस्टर विद्यापीठात निनियन स्मार्ट यांनी धर्माभ्यासाचा विभाग उभा केला. पाद्री घडवणारे ईश्वरशास्त्र वेगळे आणि धर्म नावाच्या मानवी व्यवहाराचा अभ्यास वेगळा, हे त्यांनी ठामपणे मांडले. धर्म म्हणजे फक्त श्रद्धेची वाक्ये नव्हेत, असे सांगून त्यांनी पाहण्याचे सात पैलू दिले : विधी, कथा, अनुभव, समाजरचना, नीती, सिद्धान्त आणि वस्तुरूप.

हे सात पैलू आपल्या वारीला लावून पाहिले की त्यांचा उपयोग कळतो. चंद्रभागेचे स्नान, रिंगण, नगरप्रदक्षिणा हा विधी. पुंडलिकाची वीट ही कथा. कळस दिसताच डोळ्यांत येणारे पाणी हा अनुभव. दिंड्यांचे क्रमांक, चोपदार, विणेकरी, मानकरी ही समाजरचना. माळ घातल्यावर मद्यमांस सोडणे ही नीती. भक्ती आणि अद्वैत यांचा मेळ हा सिद्धान्त. टाळ, वीणा, पताका, तुळस आणि पालखीतल्या पादुका हे वस्तुरूप. यातला एखादाच पैलू धरून ‘वारी म्हणजे हे’ असे म्हणणाऱ्याच्या हातून सहा पैलू निसटतात.

वारीचा असाच भरीव अभ्यास एका मराठी बाईंनी स्मार्ट यांच्या कितीतरी आधी केला होता. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख त्यांच्या ‘परिपूर्ती’ या संग्रहात आहे. १९६२ मध्ये तो इंग्रजीत आला आणि परदेशातल्या धर्माभ्यासाच्या वर्गांत आजही वाचला जातो. इरावतीबाई वारीत चालल्या, रमल्या, आणि चालता चालता जातवार दिंड्यांत वेगळी पडणारी जेवणाची पंगतही त्यांनी नोंदवली. आपुलकी राखूनही डोळे उघडे कसे ठेवायचे, याचा तो वस्तुपाठ आहे.

टपालापासून मुक्त विद्यापीठापर्यंत

दूरशिक्षणाचा इतिहास स्वस्त टपालाइतका जुना आहे. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि बाथमध्ये आयझॅक पिटमन यांनी टपालाने लघुलेखन शिकवायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांनी बायबलमधले उतारे लघुलिपीत लिहून पाठवायचे आणि ते तपासून परत यायचे. १८५८ पासून लंडन विद्यापीठाने वर्गात न येणाऱ्यांनाही परीक्षेला बसू दिले. तिथल्या बाह्य विद्यार्थ्यांत तुरुंगात कायदा शिकणारे नेल्सन मंडेलाही होते.

खरे वळण आले १९६३ मध्ये. मजूर पक्षाचे नेते हॅरल्ड विल्सन यांनी ग्लासगोच्या भाषणात ‘हवेतल्या विद्यापीठा’ची कल्पना मांडली. रेडिओ आणि टीव्हीवरून विद्यापीठ चालवायचे, ही कल्पना पुष्कळांना हास्यास्पद वाटली. खाणकामगाराची मुलगी असलेल्या मंत्री जेनी ली यांनी ती तडीस नेली आणि दर्जात तडजोड करायची नाही, हा हट्ट धरला. एप्रिल १९६९ मध्ये ओपन युनिव्हर्सिटीला राजसनद मिळाली. जानेवारी १९७१ मध्ये पहिले विद्यार्थी शिकू लागले. प्रवेशाला पूर्वीच्या शिक्षणाची अट नव्हती आणि आजही बहुतेक अभ्यासक्रमांना ती नाही. तेव्हापासून वीस लाखांहून अधिक माणसे तिथे शिकली आहेत.

धर्माचा अभ्यास या विद्यापीठात लवकरच आला. १९७७ मध्ये बीबीसीने जगातल्या धर्मांवर ‘द लाँग सर्च’ ही तेरा भागांची मालिका दाखवली. तिचे सल्लागार निनियन स्मार्ट होते, आणि ओपन युनिव्हर्सिटीने आपल्या ‘मॅन्स रिलिजस क्वेस्ट’ या अभ्यासक्रमासाठी ती मालिका वापरली. रात्री उशिरा टीव्हीवर लागणारे पाठ पाहत शिकण्याचा तो काळ २००६ मध्ये संपला. आता तेच काम संगणकावर आणि फोनवर होते.

अभ्यास चालतो कसा?

ओपन युनिव्हर्सिटीची ऑनर्स पदवी ३६० श्रेयांकांची असते. एका श्रेयांकाला साधारण दहा तास धरले, तर एकूण ३,६०० तास होतात. नोकरी करणारा माणूस वर्षाला ६० श्रेयांक घेतो, म्हणजे आठवड्याला सोळा ते अठरा तास, आणि सहा वर्षांत पदवी पुरी करतो. आपल्याकडे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात एक श्रेयांक तीस तासांचा धरतात. आकडे कोणतेही असोत, हे काम फावल्या वेळातले नाही. पहाटेचे किंवा निजानीज झाल्यावरचे दोन तास रोज त्यासाठी काढून ठेवावे लागतात.

पुस्तके दूरच्या विद्यार्थ्यासाठीच लिहिलेली असतात. ती मजकूर सांगत जातात आणि मध्येच थांबून विचारतात : हा युक्तिवाद तुम्हाला पटला का? का पटला? उत्तर वहीत लिहा, मग पान उलटा. दर काही आठवड्यांनी एक स्वाध्याय लिहून पाठवायचा असतो. मार्गदर्शक तो वाचतो, समासात शेरे लिहितो आणि गुण देतो.

हे शेरे म्हणजे या शिक्षणाचा प्राण आहे. समजा, स्वाध्यायाचा प्रश्न आहे : ‘संथारा ही आत्महत्या आहे का?’ एका विद्यार्थ्याने ‘हो’ लिहिले, दुसऱ्याने ‘नाही’. दोघांनाही उत्तम गुण मिळू शकतात आणि दोघेही नापास होऊ शकतात. ‘इथे तुम्ही इच्छा आणि हेतू हे शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत.’ ‘हे जैन ग्रंथाचे मत आहे की तुमचे?’ ‘विरोधकाचे सर्वांत सबळ म्हणणे तुम्ही घेतलेलेच नाही.’ अशा शेऱ्यांतून माणूस घडतो. निष्कर्षाला गुण नसतात. तिथवर प्रामाणिकपणे कसे पोचलात, याला असतात.

आपल्या परंपरेत याला जुने नाव आहे. मीमांसकांच्या अधिकरणात आधी विषय मांडतात, मग संशय, मग पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष आणि शेवटी निर्णय. पूर्वपक्ष म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे, तेही त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत. भाष्यकारांच्या ग्रंथांत पूर्वपक्ष काही वेळा इतका भक्कम असतो की नवखा वाचक तोच सिद्धान्त समजून बसतो. ज्याला पूर्वपक्ष नीट लिहिता येत नाही, त्याचा उत्तरपक्ष पोकळ निघतो. हे काम बोलण्यापेक्षा लिहून अधिक चांगले होते. बोलताना आवाज चढवून वेळ निभावता येते, कागदावर तसे करता येत नाही. आणि दूरशिक्षणात सगळे लिहावेच लागते. म्हणून हे विषय या पद्धतीला इतके मानवतात, असे मला मनापासून वाटते.

अवघड काय?

पहिली अडचण एकटेपणाची. तत्त्वज्ञान संवादातून जन्मले. सॉक्रेटिसने काहीच लिहिले नाही, तो बाजारात माणसांशी बोलत राहिला. उपनिषदांतही कुणीतरी विचारते आणि कुणीतरी सांगते. घरी एकट्याने वाचणाऱ्याला हा दुसरा माणूस शोधावा लागतो. विद्यापीठे संपर्कसत्रे घेतात, ऑनलाइन गट करतात, पण तेवढ्यावर भागत नाही. महिन्यातून एकदा आपला स्वाध्याय मोठ्याने वाचून दाखवता येईल असा, आणि शक्यतो आपल्याशी सहमत नसलेला, एक तरी माणूस हवा.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. रसायनशास्त्र शिकताना घरातल्या देव्हाऱ्याला धक्का लागत नाही, इथे लागतो. दुपारी ग्रंथांच्या कालनिर्णयाविषयी वाचायचे आणि संध्याकाळी आईबरोबर त्याच ग्रंथाची पोथी लावायची, यातून ताण येतो. वर्गात शिकणाऱ्याला वर्ग आणि घर वेगळे ठेवता येतात, घरी शिकणाऱ्याला ती सोय नाही. पण हीच त्याची मोठी संधीही आहे. ज्याचा अभ्यास करायचा तो विषय त्याच्या भोवती रोज चालू असतो. आजी उपास का करते, शेजारची मुले रोजा कशी धरतात, लग्नाच्या याद्या करताना कोणते धर्मशास्त्र आणि कोणता व्यवहार चालतो, हे सारे त्याच्या हाताशी असते. श्रद्धा वाढावी किंवा तुटावी, हा या अभ्यासाचा उद्देश नाही. आपण काय मानतो आणि का मानतो, हे स्पष्ट व्हावे, एवढाच आहे.

तिसरी गोष्ट नोकरीची. या पदवीने ठरावीक पद मिळत नाही, हे आधीच स्वीकारावे. शिक्षक, परिचारिका, समाजकार्यकर्ते, पत्रकार आणि वकील यांना मात्र ती आपापल्या कामात रोज उपयोगी पडते. अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुटुंबाशी बोलताना कोणता शब्द वापरायचा, हा नीतिशास्त्राचाच प्रश्न असतो.

मराठी वाचकाच्या हाताशी काय आहे?

परदेशी पदवीचे शुल्क सर्वांना झेपणारे नाही, आणि तेवढ्यासाठी थांबायचे कारणही नाही. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात तत्त्वज्ञान हा विषय एम. ए. पर्यंत शिकता येतो. मान्यताप्राप्त मुक्त आणि दूरस्थ पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष असल्याचे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केले आहे. मात्र प्रवेश घेण्यापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची त्या अभ्यासक्रमाला चालू वर्षाची मान्यता आहे का, हे स्वतः तपासावे. पदवी नको, फक्त शिकायचे आहे, अशांसाठी ओपन युनिव्हर्सिटीच्या ‘ओपनलर्न’वर २००६ पासून मोफत पाठ आहेत. त्यांत धर्म आणि तत्त्वज्ञानाचेही आहेत.

मराठीतली सामग्रीही तुटपुंजी नाही. खानदेशातल्या अमळनेरला १९१६ मध्ये श्रीमंत प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले, आणि साने गुरुजींचा काही काळ तिथे गेला. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ तीन खंडांत आहे. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी ‘धर्मकोशा’चे आणि ‘मराठी विश्वकोशा’चे काम उभे केले. पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाने ‘परामर्श’ हे नियतकालिक चालवले. आणि धर्म म्हणजे नेमके काय, नीतीशिवाय त्यात काय उरते, हा प्रश्न ज्याला भिडून तपासायचा आहे त्याने डॉ. आंबेडकरांचा १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचावा. इतर धर्मांत ईश्वराला जे स्थान असते ते धम्मात नीतीला आहे, ही त्यांची मांडणी पटो वा न पटो, तिला उत्तर देण्यासाठी तिन्ही शास्त्रांची मदत घ्यावी लागते.

ज्यांच्या मनात असा अभ्यास करायचे घोळते आहे, त्यांना एक विनंती. प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक रविवार काढा. देव, धर्म किंवा नीती यांविषयीचे तुमचे एक पक्के मत घ्या, आणि त्याच्या विरुद्ध बाजूने एक पान लिहा. ते पान त्या बाजूच्या माणसाला वाचायला द्या. ‘हो, मला हेच म्हणायचे होते,’ असे तो म्हणाला, तर तुमचा पहिला स्वाध्याय उत्तीर्ण झाला. तो नाही म्हणाला, तर त्याच्याशेजारी बसून ते पान पुन्हा लिहा.